कुसुमचं इंग्रजी

कुसुम काल गेली.
ती नापास झाली त्यात माझाही हात होता. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही.

१९७९. वर्धेचं कॉलेज, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. बाहेरगावच्या आम्ही चौदा मुली एकाच होस्टेलवर. मी अमरावतीची, ती तळेगावची. तिच्या घरी शेती. कॉलेजात आलेली घरातली पहिलीच.

पहिल्या संध्याकाळी वॉर्डन मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं. "नियम मी सांगणार नाही. वर्षभर एकमेकींकडून काय हवंय, ते तुम्हीच ठरवा."

कुणी म्हणालं, संडास पाळीनं धुवायचे. कुणी म्हणालं, घरून आलेला डबा लपवायचा नाही.

कुसुम म्हणाली, "जे मांगं पडली, तिले बाकीच्याईनं संगं घ्याचं."

तिच्या बोलण्याला आम्ही हसलो. पण हात सगळ्यांनी वर केले. मीसुद्धा.

फिजिक्स मला काही केल्या जमेना. कुसुमनं शिकवलं. रोज संध्याकाळी व्हरांड्यात, मला समजेपर्यंत. मेसची घंटा होऊन जायची, तरी उठायची नाही.

तिचं अडायचं ते इंग्रजीत.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा ती पुस्तक घेऊन आली.
"दोन दिवस माह्यासंगं बसशीन का? निबंधाचं काईच समजून नाई राह्यलं."
"उद्या बसू," म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. मला फर्स्ट क्लास हवा होता.

तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

निकाल लागला. मला फर्स्ट क्लास. कुसुम बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत गेली.

तिचे वडील ट्रंक न्यायला आले. मॅडमनी खूप समजावलं. एकच विषय आहे, पुन्हा बसू द्या.
त्यांनी हात जोडले. "नाई जी. पोरीच्यानं नाई होत. सोयरीक आली हाये."

मी दारातच उभी होते. 'काका, मला फिजिक्स तिनंच शिकवलंय', एवढंच म्हणायचं होतं.

नाही म्हटलं.

कुसुमनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वडलांसोबत ट्रंक उचलली.

तिला आंजी गावात दिलं. सात-आठ वर्षांनी एका लग्नाला तिकडे गेले, तेव्हा भेटली. कडेवर पोर. मी तोवर कॉलेजात शिकवायला लागले होते.

"कुसुम, तेव्हा मी बसायला हवं होतं गं."
"काऊन रडून राह्यली? झालं ते झालं."
"बाहेरून परीक्षा दे. मी दर रविवारी येईन शिकवायला."

ती हसली.
"आता वेळ कुठं हाये वो बाई. तवा होता."

हे ती रागानं म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

काल तिच्या मुलीचा फोन आला. आज सकाळी आंजीला पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. चेहराही दिसला नाही.

जा कुसुम. सुखानं जा.