दुसरा ब्रेक

मास्तरांच्या छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलं, त्याला बारा दिवस झाले होते. छातीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती उजव्या पायाबद्दल. हृदयाला नवी वाट करून द्यायला डॉक्टरांनी जी शीर काढली, ती नेमकी याच पायातली. डावा काय झोपा काढत होता का, असं त्यांनी शुद्धीवर आल्या आल्या विचारलं म्हणे.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. त्या पायावरच घर चाललं होतं. एकतीस वर्षं मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मास्तरांच्या गाडीत दोन्ही ब्रेक एकाच दांड्याला जोडलेले होते. एक दाबला की दुसरा आपोआप खाली जायचा. शिकणारा चाक धरून घामाघूम व्हायचा आणि मास्तर पायावर जीव ठेवून, तोंडाचा पट्टा चालू ठेवून बसायचे. गावातले निम्मे टॅक्सीवाले त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि म्हणूनच त्यांचा एकाही टॅक्सीवाल्यावर विश्वास नव्हता.

आता घरी यायचं म्हणजे गप पडून राहायचं. दोन्ही हातांनी रेटून उठायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी आवळायची, आणि पाय उंचावर ठेवायचा. बायको स्टुलावर उशी ठेवून त्यावर पाय ठेवायची. तिची पाठ वळली की पाय खाली. कारण मास्तरांची खुर्ची खिडकीशी आणि खिडकीखाली चौक. कुणी इशारा न देता वळला की मास्तरांचा पाय फरशी दाबायचा. दिवसातून पन्नास वेळा तरी. फरशी कसली दबतेय, पण संध्याकाळपर्यंत पाऊल असं फुगायचं की त्यात चप्पल शिरायची नाही. तपासणीची वेळ सांगायला फोन केलेल्या नर्सनं सुनावलं होतं, सूज उतरली नाही तर टाके उघडावे लागतील. हे ऐकल्यापासून मास्तरांचं धाबं दणाणलं होतं. पाय गेला तर आपण काय राहिलो, एवढाच विचार डोक्यात घोळायचा. पण बोलून दाखवतील तर ते मास्तर कसले. ते बायकोवर डाफरायचे. ती अंघोळ घालायची तेव्हा पाणी गरम म्हणून, आणि अंग पुसायची तेव्हा टॉवेल खरखरीत म्हणून. ती ऐकून घ्यायची.

तेराव्या दिवशी तपासणीला जायचं होतं. मेहुणा गाडी घेऊन येणार होता, त्याचा सकाळीच फोन आला की कंबर धरली आहे. टॅक्सीचं नाव काढताच मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा बायकोनं कपाटातून साड्यांखालचा बिस्किटांचा डबा काढला, डब्यातून लायसन्स काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. चार वर्षांपूर्वीचं. मास्तर संध्याकाळची तुकडी शिकवायला जायचे तेव्हा ती पलीकडच्या गल्लीत गाडी शिकवणाऱ्या बाईंकडे शिकली होती. बहिणीची गाडी ती आठवड्यातून दोनदा चालवत होती, आणि हे मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तरांना वाईट वाटलं, आणि थोडी धडकीही भरली. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः तिला तीन दिवस शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी याच चौकात एक सायकलवाला आडवा आला, मास्तरांनी ब्रेक दाबला आणि भर रस्त्यात तिला वाटेल ते बोलले. ती उतरली आणि चालत घरी गेली. पुढे हा किस्सा मास्तर प्रत्येक नव्या तुकडीला रंगवून सांगायचे, माझा पाय नसता तर आज तो सायकलवाला भिंतीवर फोटोत असता म्हणून. पोरं पोट धरून हसायची. ती दाराशी पाण्याचा ग्लास घेऊन उभी असली तरी ते सांगायचे.

शिकवायचीच गाडी काढली. डॉक्टरांनी पुढे बसायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून मास्तर जन्मात पहिल्यांदा आपल्या गाडीत मागे बसले, छातीशी उशी धरून. मागे ब्रेक नव्हता. तरी पाय खालच्या रबरी चटईवर तयारीत होताच. बायकोनं आरसा लावून घेतला, इशारा दिला, मागे पाहिलं आणि गाडी हळूच रस्त्याला लावली. मास्तर चूक शोधत राहिले. चौकात लाल दिवा लागला, गाडी थांबली, आणि त्यांच्याच्यानं राहवेना.

"इथेच तू त्या सायकलवाल्याला उडवणार होतीस," ते म्हणाले.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. "अहो, त्या दिवशी गाडी मी थांबवली होती. तुमच्या आधी माझा पाय ब्रेकवर होता. तुमचं पेडल आधीच खाली गेलेलं होतं. आठवा जरा."

मास्तर तोंड उघडणार होते, पण पायाला आठवलं. जिना संपलाय हे न कळता आणखी एक पायरी उतरायला जावं, तसा पाय त्या दिवशी रिकाम्यात गेला होता. एकतीस वर्षांत तो वेगळेपणा पायाला कळणार नाही तर कुणाला कळणार? त्यांना तो तेव्हाही कळला होता. ते भ्यायले होते, आणि आपण भ्यायलो हे लपवायला ओरडले होते. एकदा ओरडल्यावर मग तेच खरं मानून सव्वीस वर्षं सांगत राहिले.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलायला जागा ठेवली होती का?" ती म्हणाली. हिरवा दिवा लागला, तिनं गाडी काढली. थेट दवाखान्याच्या दाराशी थांबवली.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, बोटाचा खळगा तसाच राहिला. एक आठवडा देतो, म्हणाले, पाय खाली सोडलेला मला चालणार नाही. मास्तरांनी मान हलवली. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, घेऊन कोण आलं.

"हिनं आणलं," मास्तर म्हणाले. "चांगली चालवते. माझ्याकडे शिकली नाही म्हणून."

बायको फायलीतले कागद लावत होती. तिचे हात क्षणभर थांबले.

परत निघताना तिनं त्यांना हाताला धरून मागे बसवलं, दार लावलं, पुढे जाऊन बसली. त्याच चौकात एक रिकामा टेम्पो इशारा न देता आडवा घुसला. गाडी थांबली, नीट, धक्का न देता. बायकोनं घाबरून आरशात पाहिलं.

"पाय?" तिनं विचारलं.

मास्तर सीटवर आडवे टेकून बसले होते. छातीवरची उशी त्यांनी पायाखाली घेतली होती आणि दोन्ही हात नुसतेच छातीवर ठेवले होते.

"वर आहे," ते म्हणाले. "तू चालव."