रऊफचाचांचा बटरफ्लाय

पाणी बराबर होतं. मीठ, तापमान, अमोनिया, सगळं मी दोनदा तपासलं. मासा मात्र आठवडाभर उपाशी होता आणि त्याचं पोट आत गेलं होतं.

मी अ‍ॅक्वेरियम मेंटेनन्स करते. वसमतला खाऱ्या पाण्याची टाकी माझ्याकडे एकच, रऊफचाचांची. समुद्र इथून लांब, म्हणून फिल्टरच्या पाण्यात खास मीठ घालून तो घरातच बनवायचा. चाचा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. अर्धांगवायूनंतर त्यांचा दिवस खुर्चीतच जायचा. पुण्याच्या लेकीनं त्यांच्यासाठी टाकी बसवून घेतली आणि हौसेनं कॉपरबँड बटरफ्लाय मासा पाठवला. पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे, तोंड चिमट्यासारखं लांब. दिसायला देखणा, खायला भारी नखरेल.

ज्यांच्याकडे हे काम शिकले, त्या नांदेडच्या सरांना फोन लावला.

"पेलेटचे दाणे दिले?"

"दिले. गोठवलेली कोळंबीही दिली. बघतसुद्धा नाही."

"मग तो जगत नाही. क्लाउनफिश टाक, तो काहीही खातो."

चाचांना तसं सांगितलं. ते सावकाश, शब्द जुळवत बोलले, "ह्यो जिता हाय ना बेटी? मग दुसरा काहून?"

मी सामान आवरायला लागले.

"वरचं तो खात न्हाई," चाचा म्हणाले. "त्या दगडाच्या भोकात तोंड घालून राहिला. रोज. तिथंच."

मी थांबले. टाकीत लाइव्ह रॉक असतो, म्हणजे समुद्रातला भोकाभोकांचा दगड. हा मासा अशा फटींतले किडे टिपतो, हे मी शिकले होते. पण मी खाऊ वरून टाकत होते, आणि टाकून निघून जात होते.

कोळंबी बारीक ठेचली आणि चिमट्यानं त्या भोकात दाबली. पंपाच्या धारेनं सगळी उडाली. पंप बंद करून पुन्हा दाबली. आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो. चाचांच्या बेगम चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

मासा दगडाभोवती फिरला. लांब गेला. परत आला आणि टिपला.

"खाल्लं," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

पुढं रोज दुपारी बेगमच पंप बंद करून भोकं भरायच्या. महिन्याभरात पोट भरून आलं. आता तो चिमट्यातूनच खातो.

"तुमच्यामुळं वाचला, चाचा," मी म्हणाले.

"मी काय केलं? बसून तर राहिलो."

सरांना कळवलं. ते म्हणाले, "नशीब."

आता नवीन घरी गेले, की बॅग उघडायच्या आधी विचारते, टाकीसमोर सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं? मग पाणी तपासते.