गुडघे आणि लॉन

आमच्या घरापुढे लॉन आहे, हे मी कितीतरी दिवस माहेरी सांगितलंच नव्हतं. माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं, कोरडवाहू. तिथं गवत म्हणजे म्हशीचं. ते बांधावर आपसूक उगवतं, विळ्यानं कापायचं, भारा बांधायचा आणि गोठ्यात टाकायचा. जे गवत कुणी खाणार नाही त्याला पाणी घाला, खत घाला आणि वाढलं की कापून फेकून द्या, हे मी माझ्या भावाला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

हौस यांची. यांनी तीस वर्षं एसटी चालवली. कळवणच्या बाजूला एका गावात दुपारी पाऊण तास गाडी थांबायची. स्टँडशेजारी सरकारी विश्रामगृह होतं आणि त्याच्या पुढे हिरवंगार लॉन. हे कुंपणाबाहेर झाडाखाली डबा खायचे आणि त्या गवताकडे बघत बसायचे. एकदा आत पाय ठेवला तर चौकीदारानं हाकललं. रिटायर झाल्यावर आम्ही म्हसरूळला छोटं रो-हाउस घेतलं. पुढे दोन खोल्यांएवढी मोकळी जागा होती. मी तिथं मेथी-कोथिंबिरीचे वाफे करायचं ठरवलं होतं. एके दिवशी बाजारातून आले तर दारात टेम्पो उभा. त्यातून गवताचे चौकोन उतरत होते, गाद्या उतराव्यात तसे. मला भिंतीकडेची हातभर पट्टी मिळाली. त्यात मी कढीपत्ता लावला आणि आठ दिवस यांच्याशी कामापुरतं बोलले.

तीन वर्षं यांनी ते लॉन सांभाळलं. मग गुडघे बोलायला लागले. क्लच आणि ब्रेक दाबून दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले आणि तारीख मिळाली जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. यांना ती दिवाळीनंतर ढकलायची होती, कारण पावसाळ्यात लॉनला माणूस लागतो. पुण्याहून लेकीनं फोनवर असं काही झापलं की हे गुपचूप तयार झाले.

ऑपरेशनला नेताना यांनी हातानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, कपाटाच्या किल्लीबद्दल किंवा कागदपत्रांबद्दल काही सांगायचं असेल. मी वाकले.

"लॉनवर पाणी साचू देऊ नकोस," हे म्हणाले. "आणि ओल्यात मशीन लावू नकोस."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

घरी आणल्यावर यांना मागच्या खोलीत ठेवलं. संडास तिथून जवळ होता आणि खिडकीतून दिसायची फक्त शेजारच्यांची भिंत. वॉकर धरून हे खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत यायचे आणि परत जायचे. बाहेर संततधार लागलेली. दहा-बारा दिवस पाऊस थांबेचना आणि गवत घोट्याच्या वर आलं. यांचं रोज एकच विचारणं, "लॉन कसं आहे?" मी म्हणायचे, हिरवंगार. तोवर ते खरं होतं.

मग एका दुपारी ऊन पडलं. तासा-दोन तासांत गवत बऱ्यापैकी सुकलं. मी गवत कापायचं विजेचं मशीन बाहेर काढलं. त्याला किती उंच कापायचं ते ठरवायचा एक खटका असतो. मी हिशोब केला तो माहेरचा. चारा बुडातून कापला की पुढची कापणी लांबते. मला तर यांची औषधं, व्यायाम, जेवणखाण सगळंच बघायचं होतं, तेव्हा एकदाच काय ते खालून कापून टाकू. मी खटका सगळ्यात खाली सरकवला आणि अर्ध्या तासात सगळं भादरून काढलं. तेवढ्यात आभाळ भरून आलं. कापलेलं गवत गोळा न करताच मी मशीन घेऊन आत पळाले.

आवाज यांना ऐकू गेलाच होता. खुशीत येऊन विचारलं, "किती ठेवलंस?"

"तुम्ही ठेवता तेवढंच," मी म्हणाले.

पुन्हा चार दिवस पाऊस. पाचव्या दिवशी बघते तर लॉन म्हणून काही उरलंच नव्हतं. वरचं हिरवं गेलेलं, खालच्या पिवळट काड्या उघड्या पडलेल्या, त्यावर कापलेल्या गवताचा आंबूस वासाचा थर आणि मधोमध घोटाभर पाणी. त्यात बेडूक होते. हे गवत मला कधी आवडलं नव्हतं, पण म्हणून मी ते मारायला निघाले नव्हते.

यांना सांगायचा धीर होईना. दुखण्यातला माणूस, रात्र-रात्र झोप नाही, व्यायाम करताना ओठ चावतो, आणि एवढ्या एका गोष्टीवर खूश. मग मी खोटं बोलत राहिले. हिरवंगार, छान, तुम्ही बघालच. हे पुढच्या खोलीत यायला निघाले की मी म्हणायचे, फरशी ओली आहे, पाय घसरेल. पावसाळ्यात हे कारण रोज चालतं.

दिंडोरी रोडला मळा असलेली एक बाई रोज सकाळी स्कूटीवरून आमच्या गल्लीत देवाची फुलं घेऊन येते. चाळिशीची असेल. त्यांच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती, कडेला थोडा भाजीपाला. एके दिवशी पुडी देता देता तिची नजर लॉनवर गेली आणि तिनं स्कूटी बंद केली.

"काकू, हे काय करून बसल्या तुम्ही?"

मी तिला सगळं सांगितलं, यांच्यापासून लपवलंय तेही. ती हसली नाही, पण हसू दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चपला काढून ती सरळ आत आली, एक काडी मुळासकट उपटली आणि माझ्यापुढे धरली. मूळ पांढरं होतं.

"मेलं नाय हे. जितं हाय," ती म्हणाली. "पावसात एवढं खाली नाय घ्यायचं. नुसत्या बुडख्यावर पाणी बसलं तर कुजंलच ना. पहिलं ते पाणी काढा."

दुसऱ्या दिवशी फुलं वाटून झाल्यावर ती खुरपं आणि दोन गोण्या घेऊन आली. पाऊस अंगावर येऊ नये म्हणून एक गोणी डोक्यावर घेतली, दुसरी मला दिली. लहानपणी शेतात घ्यायचो तशी कोपरा आत दुमडून मी ती घेतली आणि मला एकदम बरं वाटलं. आधी आम्ही कुजका थर हातानं ओढून काढला. मग मधल्या खोलगटापासून गेटपर्यंत वीतभर रुंद चर खणला. पाणी वाहायला लागलं तेव्हा आम्ही दोघी कमरेवर हात ठेवून ते बघत उभ्या राहिलो. मग तिनं पहार मागितली आणि जिथं जमीन घट्ट झाली होती तिथं हातहात अंतरावर भोकं पाडली, त्यात मी वाळू भरली. खत आत्ता घालायचं नाही, गवताला आधी श्वास घेऊ दे, असं तिनं बजावलं.

नंतर तण. उघड्या जमिनीवर नागरमोथा माजला होता. तो वरून उपटला तर चार दिवसांत परत येतो, खालच्या काळ्या गाठी शोधून काढाव्या लागतात. मी एक गाठ नखानं खरवडली आणि त्या वासानं मला आईची आठवण झाली. दिवाळीच्या उटण्यात ती ह्याच गाठी वाळवून कुटून घालायची. त्या दिवशी मी मूठभर गाठी धुऊन सुपात पसरल्या. लॉननं मला दिलेली ती पहिली कामाची वस्तू.

रोज सकाळी तासभर आम्ही दोघी खुरपत होतो. बोलणं चालायचं ते तिच्या सासूचं, माझ्या लेकीचं, पावसानं फुलं भिजतात त्याचं. ती सकाळ मला आवडायला लागली होती. मधूनमधून हिरवे कोंबही दिसत होते, पण अजून लॉन खरूज झालेल्या कुत्र्यासारखंच दिसायचं. आणखी पंधरा दिवस मिळाले तर झाकून जाईल, असा माझा अंदाज होता.

ते मिळाले नाहीत. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या, अगदी तरुण मुलगी. एक दिवस ती म्हणाली, "काका, आज व्हरांड्यात जाऊ." मी फरशी ओली असल्याचं सांगितलं. तिनं फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोरडी आहे, काकू." मग मी आणखी काही बोलायच्या आत वॉकरची टकटक पुढच्या दाराशी पोचली होती.

हे व्हरांड्यात उभे राहिले. समोर चर, वाळूचे ठिपके, पिवळे पट्टे आणि डोक्यावर गोणी घेऊन खुरपत बसलेली फुलवाली. ती चटकन उठून उभी राहिली. मी म्हणाले, "मी खोटं बोलत होते. मी ते बुडातून कापलं." आणि सगळंच सांगून टाकलं.

मॅडमनं खुर्ची दिली, त्यात हे बसले. मला वाटलं, रागावतील. मग हे म्हणाले, "पहिल्या वर्षी मीपण हेच केलं होतं. तू लेकीकडे पुण्याला गेलेली तेव्हा. तुला सांगितलं कीड लागली."

मला आठवलं. मी परत आले होते आणि कीड लागली म्हणून यांना कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून दिलं होतं, फवारायला. यांनी ते इमानदारीत फवारलंही होतं. मी हसायला लागले, ती मॅडम हसायला लागली, फुलवाली पदर तोंडाला लावून मागे वळली. सगळ्यात शेवटी हे हसले, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच.

त्यानंतर यांची खुर्ची व्हरांड्यातच. हातात काठी आली, आणि ती चालायला कमी आणि तण दाखवायला जास्त वापरली जाऊ लागली. तिकडे एक राहिलं, ते बघ, कडेचं उपट. फुलवाली म्हणायची, "काका, उद्या खाली या तुम्हीच." भांडण झालं ते एकाच गोष्टीवर. कुंपणाच्या कडेनं लॉनमध्ये दूर्वा घुसल्या होत्या. यांच्या मते ते तण, लगेच काढा. ती म्हणाली, गणपतीच्या तोंडावर मी दूर्वा उपटणार नाही, आणि मीही तिच्या बाजूनं उभी राहिले. शेवटी गणपतीपर्यंत ती पट्टी ठेवायचं ठरलं. गणपतीत आख्ख्या गल्लीनं आमच्याकडून जुड्या नेल्या आणि हे प्रत्येकाला "आमच्या लॉनमधल्या आहेत" असं सांगत होते.

तोवर लॉन भरून आलं होतं. मी आता मशीनचा खटका वरच्या खाचेवर ठेवून, सुकलेलं बघून, दर आठ दिवसांनी कापत होते आणि कापलेलं एक काडी न ठेवता गोळा करत होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हे काठी घेऊन एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत चालले. मी मागून होते. मध्ये थांबून, पायाखाली बघत म्हणाले, "माझ्यापेक्षा सरळ कापतेस तू." मशीन मी यांना परत दिलेलं नाही.

दसरा तोंडावर असताना दोन दिवस फुलवाली आली नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला तर कळलं, परतीच्या पावसाआधी झेंडू तोडून घ्यायचा होता आणि माणसं मिळत नव्हती. मी डबा भरला, यांना रिक्षात बसवलं आणि आम्ही तिच्या मळ्यावर गेलो. बांधावर उभी राहिले तर सगळं पिवळं आणि केशरी. ती धावत आली, म्हणाली, "काकू, तुम्ही कशाला?" मी पदर खोचला आणि सरीत उतरले. किती वर्षांनी शेतातल्या मातीत पाय बुडाले होते. हे झाडाखाली रिकाम्या क्रेटवर बसून फुलं निवडत होते, डागाळलेली एकीकडे, चांगली एकीकडे. तिची सासू यांच्याशेजारी बसून माळा ओवत होती. थोड्या वेळानं यांनीही सुई मागून घेतली. तिसऱ्या माळेला सासू म्हणाली की आता जरा बरी जमायला लागली, आणि यांनी मान वर न करता पुढचं फूल उचललं.