येळवशीचं आवतण

चोवीस वर्षं इंग्लंडात म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स म्हणून राबले आणि कळंबला परत आले. कायमची आले, हे मी तीन महिने घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते. ऐकणारा मान डोलवायचा आणि लगेच विचारायचा, "मग परत कधी?" किराणावाला विचारायचा, शेजारीण विचारायची. दाताच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. उघड्या तोंडानं काय कपाळ उत्तर देणार? मी लग्नच केलं नाही हे कळल्यावर तर लोकांना माझी खरोखरच दया यायची.

माझा थोरला भाऊ, दादा, तेवढा हे विचारत नव्हता. पण तो काहीच विचारत नव्हता. जवळच्याच आमच्या गावात त्याच्या घरी न उतरता मी कळंबात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, हे त्याच्या मनाला लागलं होतं. मला कमोड हवा होता आणि स्वतःची किल्ली. तसं सांगितलं तर तो "बरं" म्हणाला. आमच्या घरात "बरं" म्हणजे भांडण सुरू झालं असं समजायचं.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे आमच्याकडं दिवाळीच्या वरताण. रानात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडवांचे दगड चुना लावून मांडायचे, पूजा करायची, पिकावर ताकातली आंबील शिंपडत, आरोळ्या ठोकत फेरी मारायची आणि मग मिसळभाजीची दाट भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, चेपायचे. गावात माणूस म्हणून राहत नाही. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी धरून नेतंच. बदली होऊन आलेला बँकेतला परमुलखी कारकूनसुद्धा त्या दिवशी घरी जेवत नाही.

आठ दिवस आधीच मला आवतणं सुरू झाली. घरमालक आला, दूधवाला आला, कोपऱ्यावरचा शिंपी आला. मी प्रत्येकाला ऐटीत सांगितलं, "न्हाय हो, आमचं घरचं रान हाय. भावाकडं जायचंय." एवढी ऐट मी व्हिसा मिळाला तेव्हाही मारली नव्हती. भावाचा फोन मात्र येईना.

मग मीच का केला नाही? तिकडची खोड! तिकडं सख्ख्या बहिणीकडं चहाला जायचं तरी दोन आठवडे आधी तारीख ठरवतात, आणि न सांगता कुणी आलं तर पडद्याआडून बघत बसतात. इतकी वर्षं मी त्या लोकांना हसले आणि आता स्वतःच बोलावण्याची वाट बघत फुगून बसले होते. खरं सांगायचं तर भीती होती. दादानंही मला सुट्टीवर आलेली बाई समजून सोडून दिलं असेल तर?

येळवशीच्या सकाळी नऊपर्यंत कळंब ओस पडलं. ट्रॅक्टर गेले, मोटारसायकली गेल्या, दुकानांची शटरं बंद. गल्लीत एक कुत्रं उरलं होतं, त्यालाही बहुतेक माझ्यासारखंच कुणी बोलावलं नव्हतं. मी ब्रेडला जॅम लावून खाल्ला आणि मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं रडले. ऐकायला होतंच कोण!

साडेबाराला खाली हॉर्न वाजला. बघते तर वैनी, दादाची बायको. साठीची बाई, पदर खोचून, स्कूटीवर.

"वन्सं! जित्या हाव का?"

"मला कुणी बोलावलंच न्हाय," मी गॅलरीतूनच म्हणाले.

वैनीनं स्कूटी बंद केली. "बोलवायचं? तुमाला? अवो, आवतण पावण्याला असतंय! घरच्या माणसाला कोण आवतण देतंय? मला दिलंय का कुणी कधी? पूजा खोळंबलीय. हे म्हणत्यात, आंबिलीचा तांब्या धरायला ती लागती. बँकेतली चार माणसं अकरापसनं आंब्याखाली पोटाला हात लावून बसलीत. काय तर बाई येडपट!"

"चोवीस वर्षं कोण धरत होतं तांब्या?"

"मी! दुसरं कोण? आता तुमी आलाव न्हवं? बसा मागं."

रानात पोचलो तर दादा माझ्याकडं बघेना. कोपीतल्या दगडांकडं बघत म्हणाला, "तिकडं घड्याळं नसत्यात व्हय?" आणि पूजा होताच तांब्या माझ्या हातात कोंबला. लहानपणी चालायचे तशी त्याच्यामागून ज्वारीतून चालले. तो ज्वारीच्या पानानं आंबील शिंपडत होता, मी आरोळी ठोकत होते. माझा आवाज फाटला. दादा म्हणाला, "जोरात."

फेरी झाली. माझ्या हातात भज्जीचं पातेलं आलं आणि मी बँकवाल्यांच्या पंगतीत वाढायला लागले. मला कुणी बस म्हणालं नाही, जेवलीस का म्हणालं नाही. त्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, "मॅडम, परत कधी निघणार?"

मी तोंड उघडायच्या आत दादा मागून गरजला, "कुठं परत? पुढल्या येळवशीचे उंडे हिच्याकडं हायेत!"

मी बँकवाल्याच्या पानात भज्जी वाढतच राहिले, तो बिचारा हात आडवा करून थकला.

तीनला वैनी आणि मी सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसलो. मी हळूच सांगितलं, "वैनी, मला बाजरीचे उंडे येत न्हाईत."

वैनीनं घास तसाच हातात धरला. "मग चोवीस वर्षं तिकडं केलं काय?"