गॅलरीसमोरचा पूल

फोन आला तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या घरी कणीक मळत होते. अकोल्याला काकांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी होत्या. "ताई, काका सकाळी उठलेच नाहीत..." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. पिठाच्या हातानं फोन कानाशी धरून मी तशीच उभी राहिले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून माझं सगळं त्यांनीच पाहिलं. बसवर कंडक्टर होते, वर्षानुवर्षं धारणीच्या गाडीवर. सुट्टीत मलाही न्यायचे. मेळघाटातली वळणं लागली की मला मळमळायचं. मग ते माझ्या सीटशेजारी उभे राहून पुढे कोणतं गाव येणार, तिथे कोण चढणार, ते सांगत राहायचे. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाशी त्यांचं काहीतरी बोलणं असायचंच. निवृत्तीनंतर काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. मग गुडघे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. उभा जन्म फिरण्यात घालवलेला माणूस गॅलरीतल्या खुर्चीपुरता उरला...

अकोल्यात तेव्हा सायकलींसाठी वेगळे रस्ते होऊ लागले होते. आधी नदीकाठानं, मग स्टेशनच्या बाजूला. त्या दोन्हींना जोडणारा, गाड्यांसाठीचा आणि कडेनं सायकलींची पट्टी असलेला उड्डाणपूल नेमका काकांच्या गॅलरीसमोरून गेला. पुलाच्या सावलीमुळे खालच्या दुकानांत भरदिवसा दिवे लागू लागले, घरात धूळ मावेना. मी म्हटलं, "काका, विकून टाका हे घर. माझ्याकडे चला."

"काहून?" ते हसले. "मले खाली उतरता येत नाही, तं रस्ताच वर आला, पाह्य! तुह्या घरी खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते."

माझ्यावर भार नको म्हणून असं बोलतात, असंच मला वाटायचं. घरी परतताना एसटी स्टँडवर मला त्यांची ती रिकामी खोली आठवायची.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी मी घर आवरायला गेले आणि रात्री तिथेच राहिले. सकाळी गॅलरीचं दार उघडलं, तर समोर पुलावर, कठड्यालगतच्या सायकलींच्या पट्टीत, एक बाई करकचून ब्रेक लावून थांबली. चाळिशीची असेल, हँडलला डब्यांची पिशवी.

"बाबा आले का वापस?" ती ओरडली. "दार बंदच दिसून राहिलं होतं!"

"काका गेले," मी म्हणाले.

"कुठी? अमरावतीले?"

तिच्या मागून गाड्या जात होत्या. मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला आणि सगळा जोर लावून ओरडले, "वारले!"

तिनं पाय जमिनीवर टेकवला.

"तुमी पुतणीबाई का?" तिनं विचारलं. "तुमचं लई सांगत. मी होस्टेलवर सैपाक करतो. नवीन नवीन हा चढ जमे नाही, सायकल हातात धरून चालत जाऊ. बाबा इथून म्हणत, बस, थोडासाच रायला, बस थोडासाच... तसंच करता करता जमला मले चढ. घरी माह्याशी कोनी बोलत नाही, बाई. सकाळी हे एवढंच बोलणं होये."

दिवसकार्याला आलेल्या नातेवाइकांत कुणी एवढं बोललं नव्हतं.

ती निघाली आणि पुन्हा थांबली.

"त्यायचं नाव काय होतं?"

"मनोहर!" मी ओरडले. त्या घरातून इतक्या मोठ्यानं कुणी त्यांचं नाव कधी घेतलं नसेल. मागून एक ट्रक गेला. तिचे ओठ हललेले दिसले. तिनं ते नाव एकदा म्हणून पाहिलं असावं... मग ती सायकलवर बसली आणि उताराला लागली.