देविदासभाऊंची परीक्षा

गजर वाजला की देविदासभाऊ दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. आमच्या सर्व्हर रूममध्ये एसीचा, बॅटऱ्यांचा, धुराचा, कशाचाही गजर झाला की बाकीच्यांचा हात आपोआप आवाज बंद करायच्या बटणाकडे जायचा. भाऊ मात्र हात मागे घेऊन, मान जराशी तिरकी करून पडद्यासमोर थांबायचे आणि म्हणायचे, "थांबा ना मॅडम. आधी आयकून तं घ्या थो काय म्हणून राह्यला."

यवतमाळला आमच्या कंपनीचं छोटंसं डेटा सेंटर होतं. जिल्ह्यातल्या काही दवाखान्यांच्या नोंदी तिथल्या यंत्रांवर असत. मी नुकतीच इंजिनिअरिंग संपवून लागले होते. आजोबा, बाबा दोघांचीही हयात कचेरीत गेलेली. त्यामुळे अर्ज, परीक्षा, प्रमाणपत्रं हे आमच्या घरचं रोजचंच. भाऊ सत्तेचाळीस वर्षांचे. घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यावरचे, आयटीआय झालेले, आणि अठरा वर्षं एका जिनिंग फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन. कापसाच्या त्या वाईट वर्षांत एकामागून एक जिनिंग बंद पडत गेल्या, त्यात त्यांचीही पडली. आमच्याकडे ते एसी आणि यूपीएस सांभाळायला आले. नवीन जागा बिचकवते का, असं मी विचारलं तर म्हणाले, "कायले बिचकाव? तिथं रुई तापे, इथं कंप्युटर तापते. दोघंबी आतून तापतेत अन् बाहेरून गुमान दिसतेत."

वर्षभरात वरून हुकूम आला. सर्व्हर रूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने अलार्म मॅनेजमेंटची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची. पेपर इंग्रजीत, संगणकावर, नागपूरला. दोन संधी. नापास होईल त्याची आतली ड्यूटी बंद, बाहेर जनरेटरच्या शेडमध्ये बसायचं. भाऊंनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोनशे पानी वही घेऊन माझ्यासमोर बसले. "शिकवा मले. पण सोडून देऊ नका बरं का अर्ध्यात."

महिनाभर आम्ही रोज डबे संपवून बसत होतो. मी इंग्रजी वाक्य वाचायचे, अर्थ सांगायचे. ते वहीत मराठीत लिहायचे. 'अ‍ॅक्नॉलेज' या शब्दापाशी आम्ही बराच वेळ अडलो. मी म्हटलं, "म्हणजे बटण दाबून कळवायचं, की अलार्म पाहिला." ते विचारात पडले. "म्हणजे आयकल्याची पावती. काम केल्याची नाही." मी हो म्हटलं. त्यांनी ते तसंच लिहून खाली दोन रेघा मारल्या.

एकाच बिघाडामुळे शंभर अलार्म येतात तेव्हा मूळ कारण कसं शोधायचं, हा धडा तर त्यांनीच मला शिकवला. "तांड्यावर रातच्याला एक कुत्रं भुकलं की समदे भुकतेत. बाकीच्यायनं काहीच पाह्यलेलं नसते. पयलं कोणतं भुकलं थे शोधा. त्यानं काहीतरी पाह्यलं असते." पुस्तकात या धड्याला अकरा पानं होती.

आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने नागपूरला गेलो. मी पास झाले. भाऊ थोडक्यात नापास झाले. प्रत्येक प्रश्न त्यांनी पुरता समजेपर्यंत वाचला होता आणि शेवटच्या वीस प्रश्नांपर्यंत पोचलेच नव्हते. बाहेर आल्यावर त्यांच्याकडे पाहायला मलाच संकोच वाटत होता. त्यांनी स्टँडवर माझ्यासाठी पेढे घेतले. "तुमी पास झाल्या त्याचं तोंड तं गोड करा. माह्यं पुढच्या खेपेले पाहू."

मार्च संपत आला होता. एका सकाळी पडद्यावर एक किरकोळ अलार्म आला, पिवळ्या रंगाचा: फरशीखाली ओल. असे अलार्म आठवड्यातून दोनदा उगाचच यायचे. भाऊ तेव्हा बाहेर बॅटऱ्या तपासत होते. मी पावतीचं बटण दाबलं आणि आपल्या कामाला लागले. दुपारी दीडच्या सुमाराला पडदा लालेलाल झाला. तापमान, पंखे, सर्व्हर, डिस्क. एका मिनिटात यादी पानभर खाली गेली. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सगळ्यांत गंभीर अलार्म वरून खाली तपासायला घेतले. सगळी यंत्रं बंद करावीत, तर एका दवाखान्यात त्याच वेळी ऑपरेशनची तयारी चाललेली, पेशंटचे रिपोर्ट आमच्या यंत्रावर.

भाऊ आले, हात मागे घेतले, आणि म्हणाले, "वरून नका पाहू मॅडम. खाली जा. पयलं कोणतं आलं?"

मी यादी शेवटपर्यंत खाली नेली. सगळ्यांत आधी तो पिवळा होता. त्याच्यासमोर माझं नाव आणि सकाळची वेळ.

भाऊंनी फरशीचा चौकोन उचलला. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी गाळाने तुंबली होती. पाणी साचून एसी आपोआप बंद पडला होता आणि मग खोली तापत गेली होती. त्यांनी पालथं पडून, खांद्यापर्यंत हात घालून नळी मोकळी केली. वीस मिनिटांत एसी सुरू झाला. एकही यंत्र बंद करावं लागलं नाही.

संध्याकाळी घटनेचा अहवाल पाठवायचा होता. मी लिहिलं, 'नळी तुंबल्यामुळे एसी बंद पडला.' वाक्य खरंच होतं. भाऊंनी मला ते वाचून दाखवायला लावलं.

"अन् सकाळचं?"

"ते लिहिलं तर माझं प्रमाणपत्र जाईल, भाऊ."

ते समोरच्या खुर्चीवर बसले. "आमच्या जिनिंगात आगीची घंटी होती. दिवसातून धा खेप उगीच वाजे. मालक कावला, म्हणे देविदास, हिचं काहीतरी कर. मी तार काढून देल्लं. चवथ्या दिवशी रुईच्या ढिगाले आतून आग लागली. घंटी वाजलीच नाही. आमच्या तांड्यावरची जमनाबाई ढिगापाशी होती. दोन्ही हात भाजले तिचे. चौकशी झाली तवा समद्यायनं सांगतलं, घंटी जुनी होती, बिघडली असन. मी बी मुंडी हालवली. बारा वर्सं झाले मॅडम. तिच्या घरावरून जातो मी. आत जात नाही."

मी अहवाल फाडला आणि नवा लिहिला. सकाळचा अलार्म मी न पाहता पावती देऊन सोडला, हे पहिलं वाक्य. मला लेखी ताकीद मिळाली. प्रमाणपत्र राहिलं.

मे महिन्यात भाऊ दुसऱ्यांदा परीक्षेला बसले. या वेळी आम्ही घड्याळ लावून सराव केला होता. प्रश्न अडला की पुढे जायचं, हे त्यांना सगळ्यांत जड गेलं. ते पास झाले. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी प्रमाणपत्राचा कागद पाहिला, टेबलावर ठेवला, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आइतवारी सुट्टी हाये ना तुमाले? तांड्यावर येता का माह्यासंगं? एकट्यानं पाय उचलत नाही."

जमनाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. सत्तरीची असेल. हातांची कातडी आवळलेली, दोन बोटं पूर्ण उघडत नव्हती, पण सूप सफाईने चालत होतं. भाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसले. पुढचं सगळं त्यांच्या गोरबोलीत झालं. मला एकच शब्द कळत होता. ते तिला पुन्हा पुन्हा "याडी, याडी" म्हणत होते, आई. ती ऐकत राहिली. सूप थांबलं नाही. मग ती तीन-चार वाक्यं बोलली, उठून आत गेली आणि आम्हा दोघांसाठी चहा घेऊन आली.

परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. घाटंजी मागे पडल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"म्हणे, तार तू काढलं थे मले तवाच समजलं होतं. घंटीचं काम तुह्याशिवाय कोण करे? म्हणे, हात जळले त्याचा राग दोन वर्सांत गेला. तू आला नाही, त्याचा राग हाये."

"आणि आता?"

"आता म्हणे, येत जाय."

त्यानंतर नऊ वर्षं ते जगले. आमचं डेटा सेंटर पुढे पुण्याला हललं, मीही गेले. ते यवतमाळलाच राहिले. फोन केला आणि तो रविवार असला, तर त्यांच्या बोलण्यामागे मला सुपाने पाखडल्याचा आवाज ऐकू यायचा.