धाक दाखवायला आणलेली बस

बस गेटातून आत आली, दहावीची पोरं उतरली आणि हेडमास्तरांनी तोंड उघडलं ते मला नमस्कार करायला नाही. पोरांकडं वळून ते म्हणाले, "नीट बघून घ्या. अभ्यास केला नाही तर इथंच यायचंय."

मी गुलाबाची फुलं घेऊन उभा. कारखान्याचा ट्रेनिंग इनचार्ज. आठवडाभर शॉप फ्लोअर, म्हणजे मशीनचा हॉल, असा घासून घेतला होता की आमचं मांजर त्यावर दोनदा घसरून लंगडत होतं. मला वाटत होतं, आपण पोरांना करिअर दाखवून राहिलो. हेडमास्तर त्यांना धाक दाखवायला आले होते.

आमचा कारखाना लातूरच्या एमआयडीसीत. भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावांसाठी लोखंडी चौकटी बनवता बनवता वाढला. मग ट्रॅक्टरचे पार्ट आले आणि शेवटी सीएनसी मशीन आली. साध्या लेथवर लोखंडाचा तुकडा फिरतो आणि माणूस हँडल फिरवून तो कापतो. सीएनसीवर हँडलचं काम कॉम्प्युटर करतो. कुठं किती कापायचं, ते माणसानं आकड्यांत सांगायचं. हात काळे होत नाहीत, डोकं मात्र तापतं.

मशीन आली, पण चालवायला पोरं नव्हती. पुण्यात बसलेल्या मालकांनी फोनवर निकाल देऊन टाकला. यंदा ट्रेनिंगची बॅच भरली तर सेक्शन लातुरात, नाही भरली तर चाकणला. दहावी पास घ्यायचे, शिकताना स्टायपेंड, मागून कंपनीच्या खर्चानं डिप्लोमा आणि नोकरी. अशा बॅचला पोरांची रांग लागेल, पोलीस बोलवावे लागतील, अशी माझी समजूत.

पण तेव्हा लातुरात क्लासचा माहौल असा, की बाळाचं नाव ठेवायच्या आधी त्याचा ग्रुप ठरायचा, मॅथ्स की बायो. आमच्या गल्लीतली कुत्री पहाटे फिजिक्सच्या क्लासपाशी भुंकायची आणि संध्याकाळी केमिस्ट्रीच्या. नांदेड, धर्माबाद, देवणीकडून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. तिसरा प्राणी देवानं घडवलाच नव्हता.

हेडमास्तरांना मी बाजूला घेतलं, हे काय बोललात म्हणून विचारलं. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत.

"अहो, बसचा खर्च क्लासवाल्यांनी दिलाय. त्यांचीच आयडिया आहे. इथून गेलेलं पोरगं वर्षभर पुस्तकातून मान वर काढणार नाही बघा."

वर म्हणाले, चहात साखर कमी सांगा.

मी पेटलो. म्हटलं, बघू कोण कुणाला फिरवतं. पोरांच्या हातात मायक्रोमीटर दिला. मायक्रोमीटर म्हणजे केसाची जाडी सांगणारं माप. पोरांनी एकमेकांचे केस उपटून मोजले. हेडमास्तरांकडं एक केस मागितला, तर त्यांनी दिला नाही. त्यांच्याकडं वाटण्याइतके उरलेच नव्हते.

मग मी मुद्दाम एक पिन किंचित जाड कापली. ती भोकात जाईना. पोरं खिदळली. मागून एक मुलगी पुढं आली. प्रज्ञा तिचं नाव. तिनं पिन मोजली, शेजारचं ड्रॉइंग पाहिलं, परत मोजली.

"सर, मशीन चुकली न्हाई. तिला जास्तीचंच सांगितलंय. तेवढं कमी कर म्हणून तिला सांगता येतं का?"

आमच्या धंद्यात याला ऑफसेट म्हणतात. मशीनला दिलेल्या आकड्यात करायची दुरुस्ती. साध्या लेथवरच्या माझ्या ट्रेनींना ते समजावताना घसा बसायचा. मी बटण दाखवलं, तिनं आकडा घातला. दुसरी पिन भोकात गेली ती चोर घरात शिरावा तशी, आवाज न करता.

"मला इथं यायचं असंल तर काय करावं लागतं?" तिनं विचारलं.

हेडमास्तरांचा चहा कपातच राहिला. शाळेत पहिली येणारी पोरगी होती ती.

रविवारी मी तिच्या घरी गेलो. वडील जिल्हा परिषदेत क्लार्क. शांत माणूस. मी जर्मनी, जपान सगळं फिरवून आणलं. म्हटलं, विमान पायलट उडवतो हा गैरसमज आहे, त्याला वर धरतात ते आमचे नटबोल्ट. ते हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि बोलले.

"साहेब, माझा आजा दुसऱ्याच्या रानात राबला. बापानं भूकंपात ढिगारे उपसले. हातानं करायचं ते आमच्या घरानं लई केलं. तरी पोरीचं मन हाय म्हणून विचारतो. तुमच्या शॉपात बाया किती हायत?"

"सध्या नाहीत."

"लेडीज टॉयलेट?"

मी, लग्नाच्या मांडवात भटजीला बोलू न देणारा माणूस, तांब्या उचलून पाणी प्यायला लागलो.

"त्या दिवशी पोरी दुपारपर्यंत पाणी प्याल्या न्हाईत," ते म्हणाले. "हिनं घरी येऊन सांगितलं. आधी तेवढं बांधा साहेब. मग मी सोता आणून सोडतो तिला. माझा शब्द."

सोमवारी सकाळीच मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, मुली येऊ द्या, मग बांधू. मी म्हटलं, टॉयलेट नाही म्हणून येत नाहीत. ते म्हणाले, आल्याच नाहीत तर बांधू कुणासाठी? मी म्हटलं, खड्डा मी स्वतः खणतो, तुम्ही फक्त विटा पाठवा. "तुम्ही जोक चांगले करता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. विनोदी माणसाची हीच शिक्षा. खरं बोलला तरी लोक हसतात.

बॅच भरली नाही. हेडमास्तरांनी गणितात काठावर पास झालेली चार-दोन पोरं पाठवली, त्यांनाही बाप परत घेऊन गेले. क्रेन आली, मशीन ट्रकवर चढली, चाकणला गेली.

प्रज्ञा क्लासला लागली. मेडिकल थोडक्यात हुकलं. रिपीट केलं, परत हुकलं. पुढं बीएस्सी करून त्याच क्लासमध्ये टेस्टचे पेपर तपासायला लागली. एकदा गंजगोलाईच्या बाजारात भेटली.

"सर, आपली मशीन चालते का तिकडं?"

"हाव, चालती की."

"कोण चालवतं?"

मी थाप मारू शकलो असतो. आयुष्यभर तेच केलं. पण म्हणालो, "दोन मुली आहेत शिफ्टला."

तिनं मान हलवली आणि भाजीचा भाव विचारायला वळली.

आमच्या सेक्शनची शेड मालकांनी नंतर भाड्यानं दिली. क्लासवाल्यांनीच घेतली, मुलींच्या होस्टेलसाठी. महिन्याभरात ओळीनं संडास-बाथरूम उठली, आत पांढऱ्या टाइल्स. ज्या मालकाला एक जमत नव्हतं, त्यानं ओळच्या ओळ पास केली.

मी रिटायर झालो. आधुनिक कारखान्यातल्या संधी यावर शाळा-कॉलेजं अजून मला भाषणाला बोलावतात, कारखानेही पोरांच्या भेटीला बोलावतात. मी जातो. हार घालून घ्यायच्या आधी लेडीज टॉयलेट कुठं आहे, ते विचारतो. आयोजक घाईघाईनं मला जेन्ट्सचा रस्ता दाखवतात.